पित्याचा बालानुभव आणि ख्रिस्ती देवप्रतिमा

ख्रिस्ती उपासनेत देवाला प्रामुख्याने 'पिता' या नावाने हाक मारली जाते. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेचा आरंभच या संबोधनाने होतो, तर गेथशेमाने बागेतील व्याकूळ प्रार्थनेत त्याच्या मुखी 'अब्बा' हा अरामी शब्द येतो (मार्क १४:३६). परंतु हा शब्द ऐकणाऱ्या बहुतेक भाविकांना देवापूर्वी स्वतःचा जन्मदाता भेटलेला असतो. त्यामुळे धर्मशिक्षणातून मिळालेली देवाची संकल्पना आणि मनात प्रत्यक्ष वावरणारी देवाची प्रतिमा यांत अंतर पडू शकते. देव प्रेमळ आहे हे वचन मुखोद्गत असणारी व्यक्तीही प्रार्थनेच्या वेळी शिक्षेच्या भीतीने आक्रसून जाते, ती यामुळेच.

देव म्हणजे उदात्त रूप दिलेला पिताच होय, अशी मांडणी फ्रॉइडने 'टोटेम अँड टॅबू' (१९१३) या ग्रंथात केली. एरिक एरिक्सनने 'यंग मॅन ल्यूथर' (१९५८) मध्ये हाच धागा मार्टिन ल्यूथरच्या चरित्रात शोधला. ल्यूथरचा पिता हान्स हा मान्सफेल्ड येथे तांब्याच्या खाणींचा व्यवसाय करणारा, शिस्तीचा कठोर गृहस्थ होता. मुलाने कायदेपंडित व्हावे ही त्याची इच्छा. १५०५ मध्ये वादळात सापडलेल्या ल्यूथरने भयभीत होऊन संन्यासाची शपथ घेतली आणि पित्याचा रोष ओढवून घेतला. १५०७ मध्ये पहिला मिस्सा अर्पण करताना तो देवाच्या सान्निध्याने थरथरला. नंतरच्या भोजनप्रसंगी हान्सने त्याला आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेचे स्मरण करून दिले. कोपिष्ट न्यायाधीश भासणारा देव आणि कधीही संतुष्ट न होणारा पिता यांतील साम्य एरिक्सनला येथे दिसले.

हे विवेचन आकर्षक असले तरी त्याचा पाया अपुरा आहे. बालपणीच्या माराच्या आठवणी प्रामुख्याने ल्यूथरच्या उत्तरायुष्यात शिष्यांनी टिपून ठेवलेल्या संभाषणांतून मिळतात. शिवाय त्या काळी मुलांना मारणे घरोघरी रूढ होते, आणि त्या घरांतून ल्यूथर निपजले नाहीत. आणखी असे की, 'लघु प्रश्नोत्तरी'त लाडक्या मुलांनी प्रिय पित्याजवळ मागावे तसे देवाजवळ मागावे, असे तोच शिकवितो. तोवर तो स्वतः पिता झाला होता.

अर्थात बालपणी घडलेली प्रतिमा कायमची गोठत नाही. आना-मारिया रिझुतो यांनी 'द बर्थ ऑफ द लिव्हिंग गॉड' (१९७९) या ग्रंथात हाच मुद्दा रुग्णांच्या अभ्यासातून मांडला. त्यांच्या मते देवप्रतिमेत पित्याबरोबर माता व अन्य निकटवर्तीयांचेही अंश मिसळतात आणि आयुष्याच्या टप्प्यांवर ती पुन्हा घडत राहते. पुढे आसक्ती-सिद्धान्ताच्या अभ्यासकांनी दोन शक्यता वेगळ्या केल्या : देव पालकांसारखाच भासणे, किंवा पालकांकडून जे मिळाले नाही ते देवात शोधणे. दुसरी शक्यता फ्रॉइडच्या सूत्रात सहजी बसत नाही.

मराठीत या संदर्भात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे उदाहरण विचारात घ्यावे लागते. वडील वामनराव अत्यंत कडक, तर आई जानकीबाई भक्तिप्रवण. तिच्या निधनानंतर बालवयातच टिळकांनी घर सोडले व ते नाशिकला आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या अभंगांत ख्रिस्त 'माउली' व 'गुरू' म्हणून येतो. येथे दुरावलेल्या आईची भरपाई दिसते, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हणून शतकानुशतके आळविले होते. तो शब्द टिळकांना घरात नव्हे, तर भाषेतच तयार मिळाला. शिवाय त्यांनी माउली म्हटले ते ख्रिस्ताला. म्हणजे 'पिता' हे संबोधन त्यांना टाकून द्यावे लागले नाही. ज्या विद्यार्थ्याला 'पिता' या शब्दासरशी केवळ पट्ट्याचा मार आठवतो, त्याला धर्मशिक्षक प्रथम कोणता शब्द देतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ मानसशास्त्राच्या कक्षेतला राहत नाही. यशया ६६:१३ मध्ये देव आईप्रमाणे सांत्वन करण्याचे अभिवचन देतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मात्र हे वचन क्वचितच आरंभी येते.