पोषक द्रव्ये, स्थूल व सूक्ष्म

शरीराची वाढ, झीज भरून काढणे व कार्यशक्ती यांकरिता अन्नातून मिळणाऱ्या रासायनिक घटकांना पोषक द्रव्ये म्हणतात. दररोज लागणाऱ्या प्रमाणावरून त्यांचे दोन वर्ग करण्यात येतात. कार्बोहायड्रेटे, प्रथिने व वसा (स्निग्ध पदार्थ) ही कित्येक ग्रॅम लागतात. ती स्थूल पोषक द्रव्ये होत. जीवनसत्त्वे तसेच लोह, जस्त, आयोडीन इ. खनिजे मिलिग्रॅम वा मायक्रोग्रॅम (मिलिग्रॅमचा हजारावा भाग) इतक्याच प्रमाणात लागतात. ती सूक्ष्म पोषक द्रव्ये होत. कॅल्शियमासारखी काही खनिजे या दोहोंच्या सीमेवर येतात. हा भेद प्रमाणाचा आहे, महत्त्वाचा नव्हे. एका वर्गातील उणीव दुसऱ्याच्या विपुलतेने भरून निघत नाही.

कार्य : स्थूल द्रव्ये ऊर्जा पुरवितात व शरीर घडवितात. एक ग्रॅम कार्बोहायड्रेटापासून किंवा प्रथिनापासून सु. ४ किलोकॅलरी व एक ग्रॅम वसेपासून सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. सूक्ष्म द्रव्यांपासून ऊर्जा मुळीच मिळत नाही. परंतु ऊर्जा मोकळी करणाऱ्या विक्रियांना ती आवश्यक असतात. ब गटातील जीवनसत्त्वे एंझाइमांची (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांची) साहाय्यक असतात, लोह हे हीमोग्लोबिन या रक्तातील ऑक्सिजनवाहक द्रव्याचा घटक आहे, तर आयोडिनावाचून अवटू ग्रंथीचे हॉर्मोन तयार होत नाही. स्थूल द्रव्यांची उणीव भुकेने व वजन घटल्याने लवकर लक्षात येते. सूक्ष्म द्रव्यांची उणीव पोट भरलेले असतानाही संभवते व रोगाची लक्षणे दिसेपर्यंत बहुधा अलक्षित राहते. म्हणून तीस ‘छुपी भूक’ म्हणतात.

ज्वारीप्रधान आहार : बालाघाटच्या पठारी प्रदेशातील जळकोट (जि. लातूर) व त्याच्या भोवतालच्या मराठवाड्यात ज्वारीची भाकरी हे परंपरागत मुख्य अन्न होय. अलीकडे शिधावाटपातील गहू व तांदूळ यांचा आहारातील वाटा वाढला असून खरीप ज्वारीची बरीच जमीन सोयाबीनखाली गेली आहे. १०० ग्रॅ. ज्वारीत सु. ३४९ किलोकॅलरी ऊर्जा, १०.४ ग्रॅ. प्रथिन, १.९ ग्रॅ. वसा, ७२.६ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे, २५ मिग्रॅ. कॅल्शियम, ४.१ मिग्रॅ. लोह व ३.१ मिग्रॅ. नायासीन असते. यावरून दिवसाकाठी अर्धा किलो ज्वारी खाणाऱ्यास सु. १,७४५ किलोकॅलरी व ५२ ग्रॅ. प्रथिन मिळते. मात्र कॅल्शियम केवळ १२५ मिग्रॅ. मिळते (प्रौढाची शिफारस केलेली गरज १,००० मिग्रॅ.) आणि क व ब१२ ही जीवनसत्त्वे जवळजवळ मिळतच नाहीत. नायासीन मात्र सु. १५.५ मिग्रॅ., म्हणजे मध्यम श्रमाच्या स्त्रीस लागणाऱ्या १४ मिग्रॅ.पेक्षा थोडे अधिकच, भरते.

वल्कचर्म : तरीही नायासिनाच्या न्यूनतेचा वल्कचर्म (पेलाग्रा) हा रोग दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब वर्गांत आढळत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळसर चट्टे, अतिसार व मनोविकृती ही त्याची लक्षणे होत. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या अभ्यासातून हा रोग संसर्गजन्य नसून आहारजन्य असल्याचे दाखविले होते. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांमधील अशाच रोगावर निकोटिनिक अम्ल गुणकारी ठरते, असे सिद्ध केले. तेथे मुख्य अन्न मका होते. मक्यातील नायासीन बद्ध असते आणि ज्यापासून शरीर नायासीन बनविते ते ट्रिप्टोफेन हे ॲमिनो अम्लही त्यात कमी असते.

ज्वारीत ट्रिप्टोफेन इतके कमी नसल्याने कारण वेगळे असावे, असे दिसले. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (१९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्वारीतील ल्युसीन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्यामुळे ट्रिप्टोफेनापासून नायासीन बनण्यात अडथळा येतो. या उपपत्तीबद्दल पुढे मतभेद झाले; परंतु सूक्ष्म द्रव्याची उपयुक्तता स्थूल द्रव्याच्या घडणीवरही अवलंबून असू शकते, हा विचार तिने पुढे आणला.

लोह : अर्धा किलो ज्वारीतील लोह सु. २०.५ मिग्रॅ. भरते, प्रौढ स्त्रीची शिफारस केलेली गरज मात्र २९ मिग्रॅ. आहे. शिवाय धान्यातील फायटेटामुळे त्याचा अल्पांशच शोषला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२% स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक असली, तरी लोहाची उणीव हे एक प्रमुख कारण आहे. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह व जस्त यांचे प्रमाण वाढविलेले आहे.

आहारयोजना : भाकरीचे प्रमाण केवळ वाढविल्याने वरील उणिवा दूर होत नाहीत, तिच्या जोडीचे पदार्थ बदलावे लागतात. डाळीमुळे ज्वारीत कमी असणारे लायसीन मिळते. अंबाडी, शेवगा इ. पाल्यांतून कॅरोटीन व कॅल्शियम मिळते व करडईच्या तेलामुळे कॅरोटिनाचे शोषण सुधारते. लिंबू, पेरू वा आवळा यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. जेवणाबरोबरच्या चहाने ते घटते. पीठ आंबविल्याने फायटेट कमी होते. लातूर व धाराशिव भागांत वेळ अमावास्येला शेतात होणाऱ्या जेवणात ज्वारीचे पीठ व ताक यांची आंबील आणि शेंगा, डाळी व पालेभाज्या यांची भज्जी असते. धान्य, कडधान्य, पाला व ताक यांचा असा मेळ सणापुरता न राहता रोजच्या ताटात, विशेषतः स्त्रिया व मुले यांच्या वाट्यास, येणे हेच समतोल आहाराचे साध्य होय.