विहिरीला पेट्रोलचा वास आला तर

2021च्या जुलैत सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या सासवड गावी चोरट्यांनी पेट्रोलची भूमिगत पाइपलाइन फोडली. सुमारे 2,000 लिटर पेट्रोल जमिनीत मुरलं आणि आसपासच्या विहिरींत उतरलं. बीड जिल्ह्यात हा धोका चोरांशिवायही येऊ शकतो. सोलापूर-धुळे महामार्गालगत पेट्रोल पंप आहेत, त्यांच्या टाक्या जमिनीखाली आहेत आणि कुंपणापलीकडे शेतातल्या विहिरी.

पाण्याला वास आला की आपण आधी विडी-काडी लांब ठेवावी. काडी ओढून ‘पेटतंय का’ बघणारे महाभाग असतात. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती विहिरीतच साठून राहते. मोटारही चालू करू नये, ठिणगी तिथेही उडते.

दुसरी चूक चांगल्या हेतूने होते: विहीर उपसून टाकणं. उपसा सुरू झाला की चारी बाजूंचं पाणी विहिरीकडे धावतं, त्याबरोबर पेट्रोलही येतं. उपसलेलं पाणी ओढ्यात सोडलं तर खालच्या शेजाऱ्याचीही विहीर गेली. त्यापेक्षा तहसील कार्यालयाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावं, पोच घ्यावी.

मग पाळी पेट्रोल पंपाची. टाकीत रोज गज बुडवून पातळी मोजतात. आलेला माल, विक्री आणि शिल्लक यांचा मेळ बसायला हवा. उष्णतेने थोडा फरक पडतो, पण रोज तूटच दिसत असेल तर शंका घ्यावी. टाकी धड निघाली म्हणून थांबू नये. नळ्यांचे सांधेही दाब देऊन तपासावे लागतात. गळती सापडेपर्यंत पुढची सफाई म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

आता पेट्रोल कुठवर गेलं ते शोधायचं. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि तळाशी काळा पाषाण. पाणी भेगांतून चालतं, त्यामुळे पंपाला खेटून असलेली विहीर स्वच्छ आणि लांबची खराब, असंही होतं. म्हणून भोवतालच्या सगळ्या विहिरी-बोअरची पाणीपातळी मोजून उतार ठरवतात आणि निरीक्षण बोअर, म्हणजे फक्त तपासणीसाठीचं छिद्र, घेतात.

घोळ बहुतेक वेळा इथे होतो. नेहमीच्या बोअरला पाषाण लागेपर्यंत बिनछिद्राचा केसिंग पाइप घालतात. पेट्रोल पाण्याहून हलकं, ते वर तरंगतं. तो थर केसिंगबाहेर मुरमातच राहतो आणि आत सगळं निर्मळ दिसतं! निरीक्षण बोअरचा पाइप पाणीपातळीच्या वर-खाली छिद्रांचा हवा. तीनशे फूट खोलही जाऊ नये, नाहीतर घाणीला खाली उतरायला आपणच जिना बांधून देतो.

नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात घालून न्यावा. पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीत नेलं तर वाफ उडून जाते आणि अहवाल खोटा ‘चांगला’ येतो. शोधायचं असतं मुख्यतः बेन्झिन, पेट्रोलमधलं कर्करोगकारक द्रव्य. पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त 1 टक्का चालतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेन्झिन आठ लाख लिटरांहून जास्त पाणी या मर्यादेवर नेऊ शकतं. म्हणजे वीस फूट व्यासाच्या, तीस-बत्तीस फूट पाणी असलेल्या जवळपास तीन विहिरी. बेन्झिन मर्यादेहून जास्त असूनही नाकाला कळेलच असं नाही.

सफाईत आधी तरंगता थर वरच्यावर काढतात. मुरमातली वाफ पंपाने ओढून घेतात. दूषित पाणी सक्रिय कोळशातून, म्हणजे घाण धरून ठेवणाऱ्या कोळशातून गाळतात. उरलेलं जमिनीतले सूक्ष्मजीव खातात. त्यांना प्राणवायू मिळावा म्हणून खाली हवा सोडतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. हे जीव आधी तेच फस्त करतात, त्यात प्राणवायू संपतो आणि बेन्झिन मागे राहतं.

शेवटचा फसवा टप्पा म्हणजे ‘पाणी साफ झालं’. उन्हाळ्यात पातळी खाली जाते तसं पेट्रोल खालच्या भेगांना चिकटतं. पावसाळ्यात पाणी चढलं की सुटून वर येतं. माझ्या मते मे महिन्यातल्या एका चांगल्या अहवालाला काहीच किंमत नाही. सफाई थांबवल्यावर निदान एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा ओळीने सगळे नमुने चांगले यायला हवेत. तोवर त्या विहिरीचं पाणी जनावरांनाही दाखवू नये.