ढगाआडचे ऊन मोजताना
ढगाळ दिवशी ऊन नाही असे आपण म्हणतो, पण उजेड असतोच, आणि तोही सूर्याचाच. वातावरणाच्या माथ्यावर सूर्यासमोरच्या दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा मिळते. निरभ्र दुपारी त्यातले हजारभर वॅट जमिनीपर्यंत पोहोचतात, तर पावसाळी काळोखीत ते शंभरावरही येतात. मधल्या आकड्यांचा अंदाज कसा करायचा? वेधशाळेची रूढ रीत अशी की आकाशाचे आठ भाग कल्पायचे आणि ढगांनी किती झाकले ते नोंदवायचे. नोंद सोयीची आहे, पण त्या घटकेचे ऊन सांगायला ती तोकडी पडते. ढग आकाशात किती आहेत यापेक्षा ते कसले आहेत आणि सूर्याच्या वाटेत आहेत का, हे महत्त्वाचे. उंचावरच्या पिसांसारख्या विरळ ढगांनी आठही भाग व्यापले तरी सावल्या पडतात. आषाढातल्या जाड थराखाली सावली हरवते. वहीत मात्र दोन्हींपुढे आठच लिहिले जाते.

कास्टेन आणि चेप्लाक या संशोधकांनी १९८० साली हँबुर्गच्या नोंदींवरून एक सूत्र मांडले. त्यानुसार अर्धे आकाश झाकले तर ऊर्जा जेमतेम सात टक्क्यांनी घटते, पूर्ण झाकले तर पाऊण हिस्सा जातो. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात अर्ध्या ढगाळ आकाशात सूर्य एक तर ढगाआड असतो किंवा मोकळा. मोकळा असला आणि शेजारी पांढऱ्याशुभ्र ढगाची कड असली, तर तिच्यावरून आलेल्या प्रकाशाची थेट उन्हात भर पडते आणि काही क्षण निरभ्र आकाशापेक्षाही जास्त ऊर्जा नोंदली जाते. ढगाने ऊन वाढवावे, ही गंमत भागांच्या मोजणीत कुठेच दिसत नाही.

मग अशी सूत्रे टाकून द्यायची का? नाही. ऑंगस्ट्रॉम या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये दिवसातल्या उन्हाच्या तासांवरून ऊर्जेचा अंदाज बांधला आणि प्रेस्कॉटने १९४० मध्ये त्याला आजचे रूप दिले. ते तास मोजणारे साधन म्हणजे काचेचा गोळा: ऊन असेल तेवढा वेळ तो खालच्या कागदावर जळकी रेघ ओढतो. महिन्याच्या बेरजेत चुका एकमेकींना खोडून काढतात, म्हणून तिथे हा अंदाज उपयोगी ठरतो. तासातासाला मात्र तो फसतो.

आता उपग्रह असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह वरून ढगांची चकाकी पाहतात. ढग जितका प्रकाश परतवतो तितका खाली कमी येतो, हे तत्त्व पक्के आहे. पण कच्छच्या रणातले मीठ आणि लडाखचा बर्फही चकाकतो. शिवाय उपग्रह तिरपा पाहतो, तेव्हा ढग दिसतो एका जागी आणि त्याची सावली पडते दुसऱ्या. म्हणून त्याचा हिशेब जमिनीवरच्या पायरॅनोमीटरशी, म्हणजे ऊन मोजणाऱ्या उपकरणाशी, ताडून पाहावाच लागतो. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने हवामानशास्त्रज्ञ अॅना मणी यांनी भारतात अशा उपकरणांची केंद्रे उभारली, ती याचसाठी मोलाची.

तेव्हा छतावर सौर पॅनेल बसवणार असाल, तर विक्रेत्याला वर्षाच्या एका आकड्यावर सोडू नका. जुलै-ऑगस्टचा अंदाज वेगळा मागा, आणि तो कुठल्या नोंदींवरून काढला तेही विचारा.