पणजीचं नाव काय हो?

आमच्या कोपरच्या बचत गटात एकदा मी सगळ्यांना पणजीचं नाव विचारलं. पणजोबांचं नाव बऱ्याच जणींनी पटकन सांगितलं, पणजीचं मात्र दोघींनाच आठवलं. घरोघरच्या वंशावळीत हेच दिसतं. मुलगे, नातू, पणतू सगळे हजर, लेकी-सुना गायब!

पण मैत्रिणींनो, वंशावळ आपल्यालाही लागतेच. लग्नानंतर आडनाव बदललं तरी जातीचा दाखला माहेरच्याच कागदांवर मिळतो. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यासाठी वडील, आजोबा, काका, आत्या यांचे शाळेचे दाखले शोधा. ते नसतील तर मूळ गावच्या तहसील कार्यालयात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, बघायला मागा. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात सापडतात. मजकूर मोडीत असला तर घाबरू नका, मोडीचे जाणकार वाचून देतात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्यायांना मूळ गाव आणि आडनाव सांगा. त्यांच्या नामावळीच्या वह्यांत आपले पूर्वज कधी आले, सोबत कोण होतं, हे निघू शकतं. कुळाचा छापील कुलवृत्तान्त असेल तर तोही चाळा.

मात्र सगळ्यात आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी वही घेऊन बसा. आजीचं माहेर, तिचं लग्नाआधीचं नाव, तिच्या बहिणी कुठे दिल्या, सगळं लिहून घ्या. ही माहिती कुठल्याच कचेरीत मिळायची नाही. आणि त्याच वहीत आपल्या लेकींची नावंही घाला बरं का!