पावसाच्या नक्षत्रांतील तारे

ताऱ्याचे आयुष्य किती आणि त्याचा शेवट कसा, हे मुख्यतः जन्माच्या वेळच्या वस्तुमानावर ठरते. बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात पावसाचा हिशेब ज्या नक्षत्रांवर मांडतात, त्यांतच या प्रवासाचे बरेचसे टप्पे सापडतात. गंमत अशी, की मृगाच्या पावसात मृग दिसत नाही. ७-८ जूनच्या सुमारास सूर्यच त्या नक्षत्रात जातो, त्यामुळे ते तारे दिवसा माथ्यावर असतात. रोहिणी, मृग आणि आर्द्रा पाहायचे ते जानेवारीत, शाळू हुरड्यात आला असताना. रात्रीच्या थ्री-फेजवर उसाला पाणी धरणाऱ्यांच्या ते रोजच्या नजरेतले असतात.

मृगाच्या तीन ठळक ताऱ्यांखाली धुरकट ठिपका दिसतो. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ आहे. तेथे वायू आणि धूळ स्वतःच्याच गुरुत्वाने आकसते, गाभा तापतो आणि तापमान सुमारे एक कोटी अंशांजवळ गेले की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. इथून तारा ‘जगू’ लागतो. कृत्तिकेचा पुंजका अशाच एका मेघातून सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी जन्मला. ताऱ्यांच्या मानाने हे वय कोवळेच.

सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे. तो दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन जाळतो, तरी त्याला अजून जवळपास ५०० कोटी वर्षे पुरेल इतके इंधन आहे. जड तारे मात्र उधळे असतात. साठा मोठा, पण गाभा इतका तापतो की तो साठा काही कोटी वर्षांतच, कधी त्याहूनही लवकर, संपतो. रंगावरून पृष्ठभागाचे तापमान कळते: मृगातला राजन्य निळसर, म्हणजे अतितप्त; सूर्य सुमारे ५,५०० अंशांचा; तांबूस तारे त्याहून थंड.

गाभ्यातला हायड्रोजन संपला की बाहेरचे थर फुगतात. रोहिणी आज याच अवस्थेत आहे, व्यास सूर्याच्या चाळीसपटीहून अधिक. सूर्यही पुढे असाच तांबडा होईल, बाहेरचे थर सोडून देईल आणि मागे श्वेत बटू उरेल. व्याधाचा जोडीदार असाच आहे: वस्तुमान सूर्याएवढे, आकार पृथ्वीएवढा. श्वेत बटूला सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे वस्तुमान पेलवत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवले.

आर्द्रा, म्हणजे काक्षी, वेगळ्या जातीची. या महाराक्षसी ताऱ्याचे तेज २०१९ अखेरीस एकदम घटले, तेव्हा तो फुटणार अशी चर्चा झाली. पुढे त्यानेच बाहेर फेकलेल्या धुळीने तो झाकोळल्याचे दिसून आले. स्फोट होईल हे खरे, पण तो उद्याही होऊ शकतो किंवा लाखभर वर्षांनीही. लोखंडाचा गाभा बनला की ऊर्जा मिळणे थांबते, गाभा क्षणार्धात कोसळतो आणि बाहेरचे थर उडतात.

वृषभेच्या शिंगाजवळ १०५४ साली असा स्फोट चिनी निरीक्षकांनी नोंदवला. तिथे आज खेकडा तेजोमेघ आहे आणि त्याच्या मध्यभागी कोसळलेल्या गाभ्यातून उरलेला, सेकंदाला सुमारे ३० फेरे घेणारा, जेमतेम वीसेक किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा. असल्या ताऱ्यांचे रेडिओ ठोके जुन्नर तालुक्यातील खोडदजवळच्या ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना टिपतात. गाभा याहूनही जड असेल, तर न्यूट्रॉन ताराही टिकत नाही आणि कृष्णविवर तयार होते.