दहातले नऊ जण परके

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली. ती पुढच्या सहा वर्षांत साडेपंचवीस कोटी झाली असती तर? पाणी, गटारं, शाळा, दवाखाने, कशाचाच मेळ लागला नसता. कतारमध्ये मात्र लोकसंख्या याच वेगाने वाढली. २००४ साली तिथे ७ लाख ४४ हजार माणसं राहत होती, २०१० साली १६ लाख ९९ हजार. सहा वर्षं, रोज सव्वाचारशेहून जास्त माणसांची भर. ही भर घरोघरच्या पाळण्यांतून आली नव्हती. बहुतेक जण विमानातून उतरलेले धडधाकट तरुण पुरुष होते.

एवढा लोंढा येऊनही देश कोलमडला नाही, कारण तो उभा करायलाच ही माणसं आणली होती. रस्ते, बंदर, मेट्रो, वायूचे कारखाने, २०२२च्या विश्वचषकाची मैदानं, सगळं त्यांनी बांधलं. २०२०च्या जनगणनेत आकडा २८ लाख ४६ हजारांवर गेला. त्यात कतारी नागरिक तीन लाखांच्या आसपास आणि एकटे भारतीय सात लाखांहून अधिक. काम करणाऱ्या शंभरांत कतारी पाच-सहा, तेही बहुतेक सरकारी नोकरीत. बाहेरचे येतात आणि आमच्या नोकऱ्या पळवतात, ही जगभर चालणारी ओरड इथे कुठे बसवणार?

आता वयाचा आकडा पाहा. मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. कतारमध्ये पासष्टीपुढची माणसं शंभरात जेमतेम दोन आहेत. उघड आहे, हातपाय चालतात तोवरच व्हिसा. तिथल्या सात लाख भारतीयांमधून तिथे वाढलेली मुलं वगळून सहा लाख धरू. प्रत्येकाची पहिली वीस वर्षं भारतात गेली. म्हणजे एक कोटी वीस लाख वर्षांचं दूध-भात, लसी, शाळेची फी, आजारपणातली जागरणं. हा सगळा खर्च आपल्या आईबापांनी आणि आपल्या सरकारांनी केला. कतारच्या खजिन्याला त्यातला रियालही पडला नाही. म्हातारपणाचा खर्चही पुन्हा इकडेच. यजमान देशाला मिळतात ती मधली, कसाची वर्षं. परदेशातून माणसं आणल्याचा फायदा-तोटा मांडताना ही जमेची बाजू फारसं कुणी लिहीत नाही, याचा मला राग येतो.

पैसा येतो, हे खरंच. कतारमधून परदेशी कामगार वर्षाला ११-१२ अब्ज डॉलर घरी पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीनुसार जगभरातून भारतात येणाऱ्या अशा पैशातला सर्वांत मोठा वाटा, वीस टक्क्यांच्या थोडा वर, महाराष्ट्रात उतरतो. खेड-दापोलीकडच्या कित्येक गावांत आखातात राबणाऱ्या माणसांच्या कमाईवर दुमजली घरं उभी राहिली आहेत.

पण २०२१पासून कतारमध्ये किमान पगार आहे महिना १००० रियाल, साधारण २७५ डॉलर. राहण्या-जेवणाची सोय मालकाने केली नाही, तर त्याचे ८०० रियाल वेगळे. वर्षाचे झाले ३,३०० डॉलर. देशाचं दरडोई उत्पन्न ७० हजार डॉलरच्या वर. कायद्याने किमान ठरवलं, मालक बदलण्याची वाट मोकळी केली, १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उन्हात काम करवून घ्यायला बंदी घातली, हे चांगलंच झालं. तरी दरी वीस पटींहून मोठी उरते.

समाजावर झालेला परिणाम तर डोळ्यांत भरतो. २०१०च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ३२३. महाराष्ट्रात तेव्हा ९२९ होत्या आणि त्याचीच आपल्याला काळजी वाटत होती. कतारमधल्या या पुरुषांपैकी अनेकांची बायकामुलं गावी. पगार ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर कुटुंब आणताच येत नाही. मग लेबर कॅम्प. एका खोलीत दुमजली लोखंडी खाटा, खाटेखाली बॅग, खाटेला बांधलेल्या दोरीवर वाळत घातलेला ओला टॉवेल. कुटुंबं राहतात त्या वस्त्यांत कामगारांची निवासस्थानं नकोत, असा कायदाच २०१० साली झाला. दुसरीकडे घरकाम करणारे, मुलं सांभाळणारे परदेशी पावणेदोन लाखांच्या घरात. त्यातले काही परदेशी कुटुंबांकडे असतात, पण कतारी घरांतली पिढीही अशाच हातांत वाढते आहे. ज्यांच्या कडेवर मूल मोठं होतं, त्यांना त्या देशात पाहुण्याचाही दर्जा नाही.

आणि नागरिकत्व? २००५च्या कायद्याप्रमाणे २५ वर्षं राहिलेल्या, अरबी येणाऱ्या माणसाला अर्ज करता येतो. वर्षाला जास्तीत जास्त ५० जणांना ते द्यायचं, अशी मर्यादा. परदेशी पंचवीस लाख धरले, तर आजच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाचा नंबर पन्नास हजार वर्षांनी लागेल. २०१८ साली कायमच्या वास्तव्याचा परवाना निघाला, त्याची मर्यादा वर्षाला १००. दोह्यात जन्मलेला, तिथल्याच शाळेत शिकलेला मुलगा पंचविशीपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहू शकतो. पुढे नोकरीचा व्हिसा मिळाला तर ठीक, नाहीतर ज्या गावी तो फक्त सुट्टीत गेला, तिथे त्याला ‘परत’ जावं लागतं.