विश्लेषण : ‘शुगर मामा’ आणि किनाऱ्यावरची दोरी… ‘पॅराडाइज : लव्ह’ अस्वस्थ का करतो?

लैंगिक पर्यटन म्हटले की डोळ्यासमोर पुरुष पर्यटक येतो. ऑस्ट्रियाचे दिग्दर्शक उलरिश झाइडल यांच्या ‘पॅराडाइज : लव्ह’ (२०१२) या चित्रपटात मात्र गिऱ्हाईक बाई आहे. कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेलेला हा चित्रपट त्यांच्या चित्रत्रयीतला पहिला.

कथा काय आहे?

व्हिएन्नाची ५० वर्षांची तेरेसा (मार्गारेटे टीझेल) केनियातल्या रिसॉर्टवर सुट्टीला येते. दिव्यांगांची देखभाल हे तिचे काम. घरी किशोरवयीन मुलगी. मायदेशी ती काही श्रीमंत नाही. विमानातून उतरल्यावर मात्र तीच ‘शुगर मामा’ ठरते. तिच्या पगाराला इथे वेगळेच वजन येते.

रिसॉर्टसमोर वाळूत एक दोरी बांधलेली आहे. अलीकडे ओळीने पहुडलेले गोरे पर्यटक, पलीकडे काहीबाही विकण्यासाठी ताटकळणारे स्थानिक तरुण, म्हणजे ‘बीच बॉइज’. मध्ये पहारेकरी. तेरेसा हवी तेव्हा दोरी ओलांडते. पोरांना आत यायची मुभा नाही. चित्रपटातला वर्गभेद कळायला हे एक दृश्य पुरे.

मग फसवते कोण?

मुंगा आधी पैसे मागत नाही, हीच त्याची हातोटी. तेरेसाला प्रेम हवे आहे. अंगाला हात कसा लावायचा तेही ती त्याला शिकवते. ती गुंतल्यावर घरच्या अडचणी पुढे येऊ लागतात आणि बहीण म्हणून भेटलेली बाई त्याची बायको निघते! तेरेसा त्याला भर किनाऱ्यावर मारते. तिचे दुःख खोटे नाही, पण हात उचलायची हिंमत तिला व्हिएन्नात झाली असती का? मुंगा साकारणारा पीटर काझुंगू व्यावसायिक नट नाही. झाइडल यांनी त्याला किनाऱ्यावरच्याच तरुणांतून निवडले. शेवटी तेरेसा हॉटेलच्या बारमधल्या कर्मचाऱ्याला खोलीवर नेऊन हुकूम सोडते. तो नकार देतो, तेव्हा त्याला बाहेर काढते.

याआधी असा चित्रपट?

लॉराँ काँते यांचा ‘हेडिंग साउथ’ (२००५). काळ १९७०च्या दशकातला, देश दुवालिए राजवटीतला हैती. तिथे पर्यटक बायकांचा लाडका लेगबा मारला जातो. चौकशीला आलेला पोलीस घाबरलेल्या बाईला दिलासा देतो, की इथे पर्यटकांच्या जिवाला कधीच काही होत नाही.